जगाच्या मांसबाजाराचा ताळेबंद

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या वस्तीतल्या विहारात मुलांसाठी तासभर वाचन चालते. आठवड्यातली एखादी बातमी घ्यायची, ती मोठ्याने वाचायची आणि तिच्यावर बोलायचे, असा साधा कार्यक्रम. मध्यंतरी बारावीतल्या एका मुलाने विचारले, "काका, जगात मोठ्याचं मांस सगळ्यात जास्त भारत विकतो म्हणतात. खरं का ते? आणि खरं असलं तर मग इथं एवढी मारामारी कशाला?"

आम्ही उत्तर द्यायच्या आत भिंतीला टेकून बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "विकणारा कोण ते पेपरवाले सांगतील रे पोरा. कापणारा कोण ते इचार."

मुलाचा प्रश्न आणि आजींचा प्रश्न, दोन्ही घेऊन आम्ही घरी आलो. आम्ही पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून आकड्यांच्या रकान्यांतच आमचे आयुष्य गेले. तेव्हा म्हटले, या जागतिक व्यवहाराचा एकदा ताळेबंदच मांडून पाहावा. खावे की खाऊ नये, हा या लेखाचा विषय नाही. पंचशील ज्याने त्याने आपल्या मनाशी आणि घराशी ताडून पाहायचे आहे. येथे फक्त हिशेब आहे.

आधी शब्दाचा खुलासा केला पाहिजे, कारण निम्मे गैरसमज तेथेच आहेत. जगाच्या बाजारात 'बीफ' म्हणजे गाय, बैल, वळू, वासरू यांचे मांस. भारताच्या बाबतीत मात्र अमेरिकेचे कृषी खाते त्याच रकान्यात म्हशीचे मांसही धरते. आपण बाहेर पाठवतो ते फक्त म्हशी-रेड्याचे, तेही बहुतेक हाडे काढून गोठवलेले. गाईच्या मांसाच्या निर्यातीला आपल्या देशात बंदी आहे. रकाना एक, माल दोन. मुंबईच्या आणि दिल्लीच्या वर्तमानपत्रांत 'भारत बीफमध्ये अव्वल' असे मथळे आले ते या रकान्यामुळे.

आता एकूण माल किती? जगात वर्षाला साधारण सहा कोटी टन, म्हणजे सोललेल्या धडाच्या, हाडांसकट वजनाने. २०२४ साली अमेरिकेचा वाटा सव्वा कोटी टनांच्या आसपास होता आणि ब्राझीलचा त्याच्या अगदी मागोमाग. त्यानंतर चीन पाऊणशे लाखांच्या वर, युरोपीय संघाचे सारे देश मिळून पासष्ट लाखांच्या घरात, आपला भारत पंचेचाळीस लाखांजवळ, अर्जेंटिना तीस लाखांच्या थोडा वर आणि ऑस्ट्रेलिया पंचवीस लाखांच्या. अमेरिकेची लोकसंख्या जगाच्या चार टक्के आणि मांस जगाच्या वीस टक्के, हे एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

साठ वर्षांपूर्वीशी तुलना केली तर आणखी एक गोष्ट दिसते. १९६१ साली जगात मोठ्याचे मांस पावणेतीन कोटी टनांच्या आसपास होई. आज ते दुपटीहून अधिक आहे. पण माणसे त्याहून वेगाने वाढली, तीन अब्जांची आठ अब्ज झाली. म्हणजे माणशी वाटणी थोडी घटलीच. ती जागा घेतली कोंबडीने. १९६१ साली जगात कोंबडीचे मांस पाऊण कोटी टन होते, आज ते बारा कोटी टनांच्या पुढे आहे. आपल्या वस्तीतल्या बॉयलर कोंबडीच्या गाड्या मोजल्या तरी हा जागतिक कल घरबसल्या समजतो. मोठ्याचे मांस जगभर हळूहळू पैसेवाल्यांचे ताट होत चालले आहे. आपल्या मुलुखात ते गरिबाचे ताट होते, म्हणून आपल्याला हे उलटे वाटते.

जनावरे घटली, मांस वाढले

अमेरिकेचा हिशेब आम्ही दोनदा तपासला, कारण तो पहिल्यांदा पटला नाही. १९७५ साली त्या देशात तेरा कोटी वीस लाख गुरे होती, तो तेथला उच्चांक. २०२५ च्या १ जानेवारीला ती पावणेनऊ कोटींच्याही खाली होती. १९५१ नंतर इतकी कमी गुरे तेथे कधीच नव्हती. साडेचार कोटी जनावरे कमी झाली. मग मांस घटायला हवे. पण १९७५ साली एक कोटी नऊ लाख टनांच्या आसपास असलेले उत्पादन २०२२ साली एक कोटी अठ्ठावीस लाख टनांवर गेले.

हे कसे झाले? पन्नास वर्षांपूर्वी एका जनावराचे सोललेले धड सरासरी दोनशे साठ-सत्तर किलो भरे. आता ते पावणेचारशेच्या पुढे भरते. पूर्वी जनावर चार-चार वर्षे कुरणात चरून मोठे होई. आता वर्षभर चारले की त्याला कॅन्सस, नेब्रास्का, टेक्सास येथल्या मोठमोठ्या बंदिस्त आवारांत आणतात. एकेका आवारात हजारो, काही ठिकाणी लाखभर जनावरे. चार-सहा महिने मका खाऊ घालतात. दीड-दोन वर्षांचे झाले की कत्तलखान्यात. वाढीसाठी संप्रेरकांच्या गोळ्या कानाच्या कातडीखाली बसवतात. युरोपने १९८९ पासून असले मांस आपल्याकडे येऊ दिलेले नाही, त्यावरून दोघांचे भांडण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेले.

पण तेथेही आता ताण आला आहे. सलगच्या दुष्काळात कुरणे वाळली, चारा महागला, लहान पशुपालकांनी गाई विकल्या. विकलेल्या गाईला वासरू होत नाही. २०२५ साली अमेरिकेत खिम्याचा भाव पौंडाला सहा डॉलरच्या वर गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेथल्या सरकारने ब्राझीलच्या मालावर ५० टक्के जकात बसवली आणि नोव्हेंबरमध्ये गोमांसावरून ती मुकाट्याने काढून घेतली. गृहिणीच्या पिशवीपुढे महासत्तेचेही काही चालत नाही.

युरोपची गोष्ट थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंना मेंदूचा एक विचित्र आजार आढळला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गाईंच्याच खाद्यात मिसळल्याने तो पसरला होता. गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच जातीचे मांस चारायचे, कारण ते स्वस्त पडते! १९९६ च्या मार्चमध्ये तेथल्या सरकारला कबूल करावे लागले की हा रोग माणसालाही होत असावा. त्या देशात १७० हून अधिक माणसे गेली, चाळीस लाखांहून अधिक गुरे मारून जाळावी लागली. तेव्हापासून युरोपचा हा धंदा पूर्वीच्या उमेदीने उभा राहिला नाही.

माणसांपेक्षा गुरे जास्त

ब्राझीलमध्ये २०२२ च्या जनगणनेत माणसे वीस कोटी तीस लाख भरली. गुरे त्याच वर्षी तेवीस कोटी चाळीस लाख होती. आणि ही गुरे आली कोठून, हे वाचून आमच्या विहारातली मुले चकित झाली. त्यातली बहुसंख्य आपल्या भारतीय वशिंडाच्या जातींची आहेत. तेथल्या सर्वात मोठ्या जातीचे नाव नेलोर, म्हणजे आपल्या आंध्रातले नेल्लोर. गीर आणि कांकरेज या गुजरातच्या जाती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६२-६३ पर्यंत ही जनावरे जहाजांतून तिकडे गेली. ऊन, गोचीड आणि निकृष्ट गवत सहन करणारी जात त्यांना हवी होती.

अमेरिकनांनीही हेच केले. कांकरेज, नेल्लोर, गीर आणि आपल्या सांगली-बेळगावकडची कृष्णाकाठची जात यांच्या मिश्रणातून त्यांनी मांसासाठी एक नवी जात तयार केली. १९२४ साली तिच्या पैदासकारांची संघटना टेक्सासमध्ये निघाली. त्या जातीला नाव दिले 'ब्राह्मण'. हे आम्ही रचून सांगत नाही, आजही तिचे अधिकृत नाव तेच आहे. आमच्या वाचनवर्गात या वाक्यानंतर पाच मिनिटे कोणी काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हते.

ब्राझील पूर्वी आपलेच मांस आपण खाणारा देश होता. या शतकाच्या सुरुवातीला तो जगाचा पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार झाला. २०२४ साली त्याने जवळजवळ एकोणतीस लाख टन माल बाहेर विकला, आणि त्यातला निम्म्याच्या जवळपास एकट्या चीनने घेतला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चीन मोठ्याचे मांस बाहेरून नावालाच घेई. आता तो जगाचा सर्वात मोठा गिऱ्हाईक आहे. तिकडच्या शहरांत पगार वाढले, हॉटेले वाढली, आणि त्याचा धक्का पंधरा हजार किलोमीटरवरच्या जंगलाला बसला.

हे जंगल म्हणजे अॅमेझॉन. तेथे जेवढे जंगल तुटले, त्यातला सर्वात मोठा भाग आज गुरांच्या कुरणाखाली आहे. १९७० च्या दशकात तेथल्या लष्करी राजवटीने रस्ते काढले, सवलती दिल्या, आणि बड्या जमीनदारांनी जंगल पेटवून कुरणे केली. त्या जंगलात रबराच्या झाडांचा चीक काढून पोट भरणारे गरीब लोक राहत होते. त्यांच्यात शिको मेंडिस नावाचा एक कामगार पुढारी निघाला. जन्म १९४४ चा. मळ्याचे मालक मजुरांच्या मुलांना शाळा काढू देत नसत, कारण लिहिता आले तर मजूर आपला हिशेब तपासील. शिको तरुणपणी अक्षर शिकला. आपल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

शिकोने संघटना बांधली. जंगल तोडायला माणसे आली की बायका-मुलांसह शेकडो लोक हातात हात घालून झाडांपुढे उभे राहत, करवतवाल्या मजुरांशी बोलत, त्यांना परत पाठवीत. या मार्गाने त्यांनी पुष्कळ जंगल वाचवले. १९८८ च्या २२ डिसेंबरला शापुरी गावी, स्वतःच्या घराच्या मागच्या दारात, एका गुरेवाल्या जमीनदाराच्या मुलाने त्याला गोळी घातली. वय चव्वेचाळीस. बाप-लेक दोघांनाही शिक्षा झाली. १९९० साली त्याच्या नावाने एक मोठे संरक्षित जंगल राखण्यात आले, आणि त्यात राहून रबर-फळे गोळा करण्याचा हक्क तेथल्या लोकांना मिळाला.

पुढचे मात्र कडू आहे. त्याच संरक्षित जंगलात पुढे गुरे शिरली, आणि ती सगळीच काही जमीनदारांची नव्हती. रबराला भाव राहिला नाही, तेव्हा चीक काढणाऱ्यांनीही चार-दोन गाई बांधल्या. घरात आजारपण आले, मुलाची फी भरायची झाली, की एक जनावर विकता येते. गाय ही त्यांची बँक. त्यांना नावे ठेवायला आमची जीभ रेटत नाही. मराठवाड्यातला कोरडवाहू शेतकरी याच कारणासाठी बैल बाळगत आला आहे.

कापणारा कोण

आता आजींचा प्रश्न घेऊ.

शिकागो शहरात १८६५ साली गुरांचा प्रचंड बाजार आणि त्याला लागून कत्तलखाने सुरू झाले. लिथुएनिया, पोलंडकडून आलेले निर्वासित मजूर तेथे राबत. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने १९०६ साली त्यांच्या हालांवर 'द जंगल' ही कादंबरी लिहिली. वाचकांनी कामगारांची तुटलेली बोटे सोडून दिली आणि आपल्या डब्यातल्या मांसात काय मिसळले आहे, एवढ्याचीच काळजी केली. त्याच वर्षी कायदाही झाला, तो मांसाच्या तपासणीचा!

कामगारांना पुढे जे मिळाले ते त्यांच्या संघटनेने मिळवून दिले. १९४० च्या दशकात तेथल्या कत्तलखान्यांत गोऱ्या आणि काळ्या कामगारांची एकत्र युनियन उभी राहिली. ज्या काळात त्या देशाच्या दक्षिण भागात बसमध्येही दोघे शेजारी बसू शकत नव्हते, त्या काळात ही एकी झाली. या युनियनने मार्टिन ल्यूथर किंग यांच्या चळवळीला पैसा पुरवला. कत्तलखान्यातल्या कामगाराचा पगार इतर कारखान्यांतल्या सरासरीपेक्षा जास्त झाला. त्या पगारावर काळ्या कामगारांनी घरे घेतली, मुले कॉलेजात घातली.

मग मालकांनी डाव टाकला. १९६१ पासून एका नव्या कंपनीने शहर सोडून आयोवातल्या लहान गावांत, गुरांच्या जवळ कारखाने काढले. पूर्वी कसबी खाटीक अख्खे जनावर सोलून मोकळे करी. आता फिरत्या साखळीपुढे शंभर माणसे उभी केली, प्रत्येकाने एकच काप मारायचा, दिवसभर तोच. कसब संपले की कसबी माणसाची गरज संपते, आणि युनियनचा जोरही. इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. शिकागोचा बाजार १९७१ साली बंद पडला. योगायोग असा की आपला देवनारचा कत्तलखाना त्याच वर्षी सुरू झाला.

त्यानंतर तेथला पगार इतर कारखान्यांच्या सरासरीच्या पुष्कळ खाली घसरला. १९७७ साली अमेरिकेतल्या चार मोठ्या कंपन्यांच्या हातात पाव बाजार होता, आता सुमारे ८५ टक्के आहे. त्यातली एक कंपनी मूळची ब्राझीलची. १९५३ साली एका खाटकाने तेथल्या एका लहान गावात दिवसाला चार-पाच जनावरे कापून तिची सुरुवात केली होती. आज ती जगातली सर्वात मोठी मांस कंपनी आहे. साखळीपुढे आता मेक्सिको, ग्वाटेमाला, सोमालिया, ब्रह्मदेश येथून आलेले लोक उभे असतात. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा 'मांस अत्यावश्यक आहे' असा आदेश काढून कारखाने चालू ठेवले गेले. तेथल्या संसदेच्या समितीने नंतर मोजदाद केली. पाच मोठ्या मांस कंपन्यांत किमान ५९,००० कामगारांना लागण झाली, २६९ दगावले. २०२३ साली एका सफाई कंत्राटदार कंपनीला पंधरा लाख डॉलर दंड झाला, कारण आठ राज्यांतल्या कत्तलखान्यांत रात्रपाळीला करवती आणि यंत्रे धुण्याच्या कामावर तिने १०२ मुले लावली होती. काही मुले तेरा वर्षांची होती.

ब्राझीलमध्ये सरकारने १९९५ साली गुलामीसारख्या मजुरीचे अस्तित्व मान्य करून तपासणी पथके नेमली. तेव्हापासून साठ हजारांवर मजूर सोडवण्यात आले. मोठा भाग गुरांच्या मळ्यांवरचा, जंगल साफ करायला आणलेला.

आणि जपान! हा देश बुद्धाला मानणारा, म्हणून त्याच्याकडे आम्ही मुद्दाम वळलो. जपानी सम्राटाने ६७५ साली वर्षातले काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. पुढे हजार वर्षे तेथे मांसाहार हलका मानला गेला. पण ढाल, खोगीर, ढोल यांना कातडे तर लागतच होते. मग मेलेली जनावरे ओढणे, सोलणे, कातडे कमावणे हे काम काही घराण्यांवर लादले गेले. त्यांच्या वस्त्या गावाबाहेर. त्यांना जे नाव होते त्याचा अर्थ 'अतिशय घाण' असा होतो. लग्नसंबंध बंद, देवळात जागा वेगळी. आपल्या वाचकांना असे वाटेल की हे कोकणातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या गावाचे वर्णन चालले आहे.

१८७१ साली जपान सरकारने हुकूम काढून हा भेद कागदावर रद्द केला. १८७२ च्या सुरुवातीला सम्राटाने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर केले, कारण आता युरोपियनांसारखे व्हायचे होते. म्हणजे खाणारे एका दिवसात शुद्ध झाले. कापणारे झाले नाहीत. १९२२ साली या समाजाने क्योतो शहरात स्वतःची संघटना उभारली, नाव 'समतल करणाऱ्यांची संस्था' अशा अर्थाचे. १९२७ चा महाड सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. एकमेकांची भाषा न कळणारी दोन माणसे एकाच वेळी एकाच भिंतीवर घाव घालीत होती असे म्हणायला हरकत नाही. आज जपानी गोमांस जगातले अत्यंत महाग मांस म्हणून विकले जाते. आणि टोकियोच्या मांसबाजारातल्या माहितीदालनात, तेथल्या कामगारांना आलेली शिवीगाळीची निनावी पत्रे मांडून ठेवली आहेत. बाजाराने ती लपवली नाहीत, हे मात्र चांगले केले.

आपला रकाना

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. भारताची म्हशीच्या मांसाची निर्यात २०१४-१५ साली पावणेपंधरा लाख टनांच्या जवळ पोचली होती. त्या सुमारास अमेरिकन रकान्यात भारत आणि ब्राझील पहिल्या क्रमांकासाठी खेटत होते. पुढे ब्राझील निघून गेला. २०२३-२४ साली आपण सुमारे तेरा लाख टन माल पाठवला, किंमत एकतीस हजार कोटी रुपये. जातो तो व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया इकडे. कापला जातो मुख्यतः उत्तर प्रदेशात, आणि जहाजात चढतो तो मोठ्या प्रमाणावर आपल्या न्हावाशेवा बंदरातून.

हा माल स्वस्त का पडतो? कारण येथे म्हैस मांसासाठी पाळत नाहीत. दुधासाठी पाळतात. आटलेली म्हैस आणि रेडकू हा दुधाच्या धंद्याचा उरलेला भाग आहे. जगात सर्वात जास्त दूध आपल्याकडे होते, म्हणून एवढे मांसही होते. दुधाचा पेला आणि गोठवलेला कंटेनर ही एकाच खात्याची दोन पाने आहेत. एकाला पूजायचे आणि दुसऱ्याचे नाव काढायचे नाही, असा मात्र आपला रिवाज.

महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. विधिमंडळाने १९९५ साली केलेल्या दुरुस्तीला २०१५ च्या मार्चमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल-वळूही त्यात आले. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये कत्तलबंदी कायम ठेवली, परंतु राज्याबाहेर कापलेले मांस घरात सापडले म्हणून गुन्हेगार ठरवणारे कलम रद्द केले. हे घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावे.

आणि गाईचे काय झाले? २०१२ आणि २०१९ च्या पशुगणना शेजारी ठेवून पाहा. महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या या काळात दहा टक्क्यांनी घटली. पश्चिम बंगालमध्ये, जेथे अशी बंदी नाही, ती पंधरा टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आले, दुष्काळ पडले, हीही कारणे आहेत, सगळे कायद्याच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. पण म्हातारा बैल विकता येत नसेल तर शेतकरी नवा बैल घेताना दहा वेळा विचार करणार, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षक म्हणवणाऱ्यांच्या त्रासाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा आठवडी बाजारातून जनावर परत घेऊन जाणारा शेतकरी कोणत्या धर्माचा होता? बहुतेक ठिकाणी हिंदूच.

मेलेल्या जनावराची गोष्ट वेगळीच आहे. ते ओढण्याचे काम आणि ते मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले, आणि आपल्या आजी-आजोबांनी उपासमार सोसून ते पाळले. वतनाची भाकर गेली, गावाने वाळीत टाकले. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंधच उलगडून दाखवला. पण ज्यांना ते काम सोडता आले नाही त्यांचे काय? ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारत फिरवले. ज्या सौराष्ट्रातून गीर गाई जहाजात बसून ब्राझीलला गेल्या, तोच हा भाग. तिकडे त्या गाईच्या वंशावर कोट्यवधींचा व्यवहार उभा आहे, आणि तिच्या जन्मभूमीत तिचे मेलेले कातडे सोलणाऱ्याच्या पाठीचे कातडे निघते. त्या महिन्यात सुरेंद्रनगरला आपल्या बांधवांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीपुढे नेऊन टाकली आणि सांगितले, आता तुम्हीच पाहा.

हे सगळे आम्ही तीन रविवार मिळून मुलांपुढे मांडले. ज्याने प्रश्न विचारला होता, त्याने विहाराच्या भिंतीला जगाचा नकाशा लावला आणि शिकागो, शापुरी, टोकियो अशा लाल खुणा केल्या. आजी जवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यात उना कुठंय?"

मुलाने गुजरातच्या खालच्या कडेला पेनाने एक ठिपका दिला. तेथे अक्षरे लिहायला जागा नव्हती, म्हणून नाव अरबी समुद्रात लिहावे लागले.